पापणी ओढून बघणारा

अजूनही आरशासमोर उभा राहिलो की मी खालची पापणी ओढून बघतो. ही खोड मला एका मेंढपाळानं लावली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

अंबाजोगाईत लॅबबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं रिपोर्टची वाट बघत होतो. अंगातली सूज आणि लिव्हर, आम्हा दोघांच्याही तपासण्या त्याच. त्याच्या खांद्यावर घोंगडं होतं. माझी चुळबूळ त्यानं बराच वेळ पाहिली. मग काही न विचारता माझं तोंड उजेडाकडं फिरवलं आणि अंगठ्यानं पापणी हलकेच खाली ओढली.

"बरं हाय तुमचं. मेंढराचं काळीज बिघडलं, की आदी डोळ्यात दिसतं."

मला राग यायला हवा होता, पण धीरच आला. तेव्हा कुठं मी त्याच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं. हळद कालवल्यासारखे पिवळे होते. त्यानं मान वळवली.

"मामा, मग तुमचं?"

"मला ठावं हाय वो. पोराला कागदाबिगर पटत न्हाई."

माझा रिपोर्ट चांगला आला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं आपला कागद माझ्यापुढं धरला. बहुतेक आकडे ठळक छापलेले होते, म्हणजे प्रमाणाबाहेर गेलेले. मी म्हणालो, "थोडंसं वाढलंय. आजच डॉक्टरांना दाखवा."

त्यानं कागदाची घडी करून पटक्यात खोचली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"घरी मी बी असंच सांगितलंय," तो म्हणाला. "थोडंसं हाय म्हून."