खाली कोण आसा?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा ठेवायला उठायचे... इतका माझा त्यावर विश्वास! त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण लिहिते.

मी मुलुंडला राहते, पहिल्या मजल्यावर. गॅलरीसमोरच दोन पोलांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर — आमच्याकडे त्याला डीपी म्हणतात. तो चढवणाऱ्या गँगमध्ये आमचे हे होते. त्यांचा एक नेम होता. वर काम करताना आधी आपल्या मालवणीत हाक द्यायची, "खाली कोण आसा?" खालच्याने ओ दिल्याशिवाय हात हलवायचा नाही. घरी माळ्यावरचा डबा काढायला हे स्टुलावर चढले तरी तेच. मी म्हणायची, "मी आसंय." मग डबा खाली यायचा.

हे गेले. लेक दुबईला. त्यानंतर तसं कोणी विचारलंच नाही.

मागच्या वर्षी समोर टॉवर झाला. लिफ्ट, पंप, घरोघरी एसी... दोनशे केव्हीएचा डीपी कुठे पुरणार? तीनशे पंधराचा आणला. मोठा, म्हणून जड. त्यासाठी पोलांमधले लोखंडी चॅनेलही जाडजूड टाकले. तो चढवायच्या दिवशी सकाळपासून लाईट बंद होती. मी मागे स्वयंपाकघरात कणीक मळत होते — तिथून रस्ता दिसत नाही.

आणि हाक आली. "खाली कोण आसा?"

ह्यांचाच आवाज. ओ द्यायला उशीर झाला की जरा चिडायचे ना, तसा. मी काही विचारच केला नाही. कणकेच्या हातांनी गॅलरीत धावले आणि जोरात ओरडले, "मी आसंय!"

डीपी चेन-पुलीवर लटकत होता, वर पोलावर एक जण. खाली दोघं त्याला हाताने सरळ करत होते. म्हातारी का ओरडतेय म्हणून ते गॅलरीकडे दोन पावलं चालत आले... आणि मागे हुक निसटला. डीपी रस्त्यावर आदळला, तेलच तेल. त्या दोघांना खरचटलंसुद्धा नाही.

मग त्यातला एक म्हणाला, "मावशी, कोणाला ओ दिली तुम्ही?"

मी वरच्याकडे बोट दाखवलं. तो बीडचा, मालवणीचा गंध नाही. म्हणाला, "मी नाय बोललो. तोंडात दोरी धरली होती मी."

लेक फोनवर म्हणते, आई, सवय असते गं. असेल. पण हाक मी ऐकली, हे मी कसं नाकारू?

आठवड्याने दुसरा डीपी चढला, नीट. मी मुद्दाम गॅलरीत बसून होते, दिवसभर. हाक आली नाही.

परवा मोठं पातेलं काढायला स्टुलावर चढले. दोन्ही हात माळ्याला... आणि तोंडून निघून गेलं, "खाली कोण आसा?"

थोडा वेळ थांबले. मग हळूच उतरले. पातेलं अजून वरच आहे.