निरोपाची खिडकी

माझी सून बालवाडीत बाई आहे. आता त्याच्याही वरची झालीय, बायांना शिकवणारी बाई, पण ते पुढे सांगते. तिचं कौतुक मी तोंडावर कधी करत नाही. सासू आहे मी, काही गोष्टी अंगात मुरलेल्या असतात. पण तिच्या माघारी विचाराल तर सांगेन, पोरगी हाडाची शिक्षिका आहे.

लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या पिशवीत बाटल्यांची झाकणं, रिकामी रिळं, काड्यापेट्या. मी घरी शाळेचे गणवेश शिवते, तर माझ्या चिंध्यांवर तिचा डोळा. एकदा उरलेला तुकडा समजून गिऱ्हाइकाच्या चड्डीसाठी कापलेला खिसाच घेऊन गेली, आणि त्याचा बाहुलीला झगा झाला. बालवाडीच्या पुढच्या खोलीत तिनं पालकांसाठी एक कपाट मांडलंय. त्यातली खेळणी, चित्रांची पुस्तकं आईबापांनी घरी न्यायची, आठवडाभर पोराशी खेळायचं आणि परत आणून द्यायची. कपाटातल्या निम्म्या बाहुल्या माझ्या मशीनवर जन्मल्यात. त्या हिशेबानं मला नातवंडं पुष्कळ.

खरं नातवंड एकच, सुनेची मुलगी. तिला आम्ही लवंगी म्हणतो. जीव एवढासा, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. भूक लागली की गल्लीला कळायचं, पोट भरलं की गल्लीला कळायचं. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे घड्याळ कशाला लागतं हो?"

सुनेची खरी कमाई म्हणजे निरोपाची खिडकी. बालवाडीची रस्त्याकडची खिडकी बुटकी आहे. तिच्याखाली हिनं एक बाक टाकला, मी पडदा शिवून दिला. सकाळी आईबाप मूल सोडायला येतात. पद्धत अशी, की मुलाला तोंडावर सांगायचं, मी जातेय, जेवणाच्या वेळेला येईन. मग मूल बाकावर चढून पडदा सारतं, आई रस्त्यावरून हात हलवते आणि जाते. मूल रडलं तरी चालेल. पण खेळात रमलंय असं बघून हळूच सटकायचं नाही. कुणी सटकताना दिसलं की ही फाटकापर्यंत मागे धावते. एकदा एका धिप्पाड ट्रकवाल्या बापाला परत आणलं. म्हणाली, "दादा, आज तुम्ही पोराच्या हातावर तुरी देऊन गेलात, तर उद्या ते खेळणार नाही, तुमच्यावर पहारा देत बसेल." तो बिचारा खाली मान घालून खिडकीपुढे हात हलवत उभा राहिला.

सुपरवायझर बाईंनी ती खिडकी बघितली आणि म्हणाल्या, "हे सगळ्या बालवाड्यांत व्हायला हवं. तुम्ही प्रशिक्षण घ्या, बायांना तुम्हीच शिकवा." त्या संध्याकाळी सून घरभर नुसती तरंगत होती. भाजीत मीठ दोनदा पडलं, पण मी मूग गिळून जेवले.

तोवर लवंगी आईच्या कडेवर बालवाडीत जायची, कडेवरच परत यायची. प्रशिक्षण मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथं मुलांना मज्जाव. लहान मुलांविषयीच्या वर्गात लहान मुलं चालत नाहीत म्हणे. मला हसू आलं. सून हसली नाही.

पहिल्या दिवशी तिनं सगळं नियमानं केलं. लवंगीपुढे उकिडवी बसली, नीट सांगितलं. लवंगीनं तिची ओढणी दोन्ही मुठींत धरली आणि असा सूर लावला की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. ओढणी सुटेपर्यंत बस गेली. वर्गात पोचली तर शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "उशिरा यायचं असेल तर आलंच नाही तरी चालेल." पडलेल्या तोंडानं हे सांगत ती पोळ्या लाटत होती. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, उजाडायच्या आत घराबाहेर पडतो. म्हणजे सकाळचा सगळा कारभार आम्हा दोघींच्याच गळ्यात.

मीच म्हटलं, "उद्या मी तिला मशीनवर घेऊन बसते. तू मागच्या दारानं जा."

"आई, अहो, मीच लोकांना सांगते असं करू नका म्हणून."

"लोकांची पोरं लोकांनी बघावी. आणि चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

चार दिवसांचा नाही हे दोघींनाही माहीत होतं. ती लाटत राहिली. तिला ते काम मनापासून हवं होतं. हवं असण्यात काही पाप नाही, पण तिच्या तोंडावर मात्र चोरी केल्याचा भाव होता.

माझं मशीन भिंतीला लावलेलं आहे. लवंगीला मांडीवर घ्यायचं, तोंड भिंतीकडे, पुढ्यात बटणांचा डबा. मी पाय मारला की टर्रर्र आवाज होतो, त्यात मागच्या दाराची कडी ऐकू येत नाही. तेवढ्यात सून चपला हातात घेऊन, टाचा उचलून बाहेर. मी शिवण संपवून थांबायचे. मग लवंगी मान वळवायची. "आई?" मी म्हणायचे, "आई गेली. रडायचं नाही. शहाणी ना तू?" सुरुवातीला रडली, खूप रडली. मग कमी रडायला लागली. मग रडायचीच थांबली.

शेजारीण म्हणाली, "नात किती गुणाची झाली हो तुमची! आवाजसुद्धा येत नाही." मी आपली फुशारकीनं मान हलवली. संध्याकाळी सुनेला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला.

"रडली नाही? मुळीच नाही?"

"नाही गं. बरंच झालं की."

"आई, रडणाऱ्या मुलाची मला काळजी नसते," एवढंच बोलली आणि भांडी घासायला लागली. घासलेलं पातेलं पुन्हा घासत होती.

त्यानंतर मलाही दिसायला लागलं. आई दारात आली की लवंगी धावत जायची नाही. एकदा बघायची आणि परत आपल्या खेळात. सून येताना बालवाडीत डोकावून तिच्यासाठी रोज काहीतरी घेऊन यायची. पालकांचं कपाट आमच्याच घरी रिकामं व्हायला लागलं. ठोकळे आले, चाकांचा हत्ती आला, ससा आला. लवंगी घ्यायची आणि बाजूला ठेवायची. एक दिवस मी बोलून गेले, "अगं, आता कपाटच उचलून आण की!" माझ्या जिभेला हाड नाही. सून मटकन खाली बसली. म्हणाली, "आई, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझं हेच झालंय. उद्या सांगून जाते. रडू दे, बस चुकू दे."

पण उद्या तिची परीक्षा होती. परवा कुणी मोठे पाहुणे वर्गात येणार होते. रोज सकाळी ती माझ्याकडे बघायची, मी मशीनवर बसायचे, आणि चपला उचलताना तिची मान खाली गेलेली असायची. मी तरी कुठे थांबवलं? शाळा उघडायला आल्या होत्या, गणवेशांचा ढीग पडला होता, आणि खरं सांगायचं तर गप्प पोर मला सोयीचं झालं होतं.

प्रशिक्षणाच्या शेवटी तिला आपल्याच बालवाडीत, पालकांसमोर पाठ द्यायचा होता. विषय खिडकीचाच. सुपरवायझर बाई बघायला येणार, पाठ जमला की निवड पक्की. सगळ्यांना घरच्यांसकट बोलावलं होतं. खिडकीला नवा पडदा शिवला होता, तो आणि लवंगीला घेऊन मीही गेले. पुढे बसले, सासूचा मान म्हणून.

सून छान बोलली. "मूल रडतं म्हणून आपण चोरून जातो. त्यात रडणं वाचतं ते आपलं, मुलाचं नाही. मुलाला एवढंच कळतं, की नजर हटली की आई जाते." सगळे माना डोलावत होते. तो ट्रकवाला बाप उठून म्हणाला, "बाई, आता मी हात दुखेस्तोवर हलवतो!" लोक हसले. सून माझ्याकडे बघायचं टाळत होती. ते फक्त मला कळत होतं.

लवंगी बाहुल्यांच्या कोपऱ्यात होती. तिनं खिशाच्या झग्यातली बाहुली उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसवली. पुढ्यात दोन ठोकळे ठेवले. मग तोंडानं आवाज काढायला लागली, "टर्रर्र... टर्रर्र..." आवाज चालूच ठेवून तिनं पायातले बूट काढले, हातात घेतले आणि टाचा उचलून दारापर्यंत गेली. परत आली. बाहुलीला म्हणाली, "आई गेली. रडायचं नाही. शहाणी ना तू?"

खोलीत हशा पिकला. ट्रकवाला म्हणाला, "अरे, चोर आला की काय!" सुपरवायझर बाईंनीही हसत विचारलं, "कुणाची हो ही नटी?"

"माझी," सून म्हणाली. "आणि हे नाटक नाही, बाई. रोज सकाळी मी अशीच जाते. चपला हातात घेऊन."

हसणं जागच्या जागी थांबलं. ती खिडकीपाशी उभी होती, हात माझ्या नव्या पडद्यावर. मशीन कोण चालवतं ते तिनं सांगितलं नाही. मी उठून सांगायला हवं होतं. पण ज्या जिभेला हाड नाही म्हणतात ती त्या दिवशी टाळ्याला चिकटून बसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सुपरवायझर बाई भल्या आहेत. पाठ झाल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "तुमची निवड पक्की समजा. पुढच्या तुकडीला हेच उदाहरण द्या, फार परिणाम होईल."

"ती माझी मुलगी आहे बाई, उदाहरण नाही," सून म्हणाली. मी रस्त्यात म्हटलं, "चूक माझी आहे गं." त्यावर म्हणाली, "कल्पना तुमची होती आई. पाय माझे होते."

दुसऱ्या दिवशी बायांची नवी तुकडी सुरू व्हायची होती, हिच्या शिकवण्याचा पहिला दिवस. सून तयार झाली. चपला पायात घातल्या आणि लवंगीपुढे उकिडवी बसली.

"बाळा, मी कामाला जातेय. दिवे लागायच्या आत येईन."

लवंगीनं तिच्याकडे बघितलं. मग उठली, गुमान चालत मशीनपाशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बटणांचा डबा स्वतःच उचलून पोटाशी धरला.

"आजी, मशीन चालव," म्हणाली.

मी जागची हलले नाही. सून तिच्या मागे जाऊन जमिनीवर बसली.

"आज मशीन बंद आहे. माझ्याकडे बघ ना बाळा."

लवंगीनं मान वळवली. तोंडाकडे नाही, आईच्या पायांकडे बघितलं. आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "चपला हातात घे."

सुनेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बस जायची वेळ झाली, बस गेलीही. ती उठली नाही. मग तोंड पुसून म्हणाली, "नाही घेणार. पायात घालून जाणार, पुढच्या दारानं, तुझ्यासमोर. आणि परत येणार."

लवंगी बघत राहिली. मग तिचा ओठ वळला. हातातला डबा सुटला, बटणं घरभर झाली, आणि तिनं जो टाहो फोडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. मी तिला उचलून खिडकीत नेलं. सून रस्त्यात उभी राहून हात हलवत होती आणि रडत होती. लवंगी मला बुक्क्या मारत होती. मी म्हटलं, "मार बाई, मार. मलाच मार."

समोरच्या घरातली माणसं पुन्हा गॅलरीत आली. शेजारणीनं विचारलं, "काय झालं हो? शहाणी झाली होती ना?" मी तिला खिडकीतूनच सांगितलं, "नव्हती झाली. आम्ही गप्प केली होती."

सून बायांना शिकवायला जाते, रोज पुढच्या दारानं जाते. लवंगी अजून रडते, पण संध्याकाळी आईचा आवाज आला की खेळ टाकून धावते. गणवेश मी आता दुपारनंतर शिवते. सकाळी नुसती मशीनजवळून गेले तरी ती धावत येते आणि दोन्ही हातांनी चाक धरून ठेवते. आई घरात असेपर्यंत ती मला मशीनला हात लावू देत नाही.