अक्काने ग्रुपवर टाकलेल्या बाहुल्या

मंडळी, आज थोडक्यात वाचलो.

दुपारी व्हाइटफील्डच्या मोबाइलच्या दुकानात माझी अक्का जुना अँड्रॉइड देऊन आयफोन घेत होती. “फोटो सगळे फॅमिली ग्रुपवर टाकलेत. पुसून टाका,” ती म्हणाली.

आई गेल्यापासून दसऱ्याला पायऱ्यांवर बाहुल्या तिच्यासारख्या मांडायच्या तर आधार त्या फोटोंचाच. मी ग्रुपवरचा एक मोठा करून बघितला. ग्रुपवर टाकताना फोटो दबून पुसट झालेला, बाहुल्यांची तोंडंच दिसेनात!

दुकानदाराचं बोट रिसेटवर. “अण्णा, स्वल्प, जरा थांबा!” मी अर्ध्या कानडीत ओरडलेच.

मग केबल लावून मूळ फोटो नव्या फोनवर घेतले. तोच फोटो पुन्हा मोठा केला. ग्रुपवर कडेला नुसता डाग दिसत होता, तिथे आईची बोटं होती, शेवटची बाहुली ठेवताना.

ग्रुपच्या भरवशावर तुम्ही काय काय पुसून टाकलंय?