गडग्यापासून गडग्यापर्यंत

दत्तोपंत विद्वांसांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आकाश आणि पृथ्वी यांनी क्षणभर जागा बदलल्या होत्या. मी मांडवीच्या वाळूत, कोणाच्याही अध्यातमध्यात नसताना, भुईमुगाच्या शेंगा खात बसलो होतो. एवढ्यात एक वावटळ निघाली. तिला दोन चाकं होती, वर काळी टोपी होती आणि ती "बाजूला! बाजूला!" असं ओरडत होती. सातशे बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा किनारा मोकळा पडला होता, पण वावटळीला माझ्याच अंगावरून जायचं होतं. कुर्ल्या बिळात शिरल्या. बगळे मुलाबाळांसकट देशांतराला गेले. समुद्रानेसुद्धा एक लाट आत ओढून घेतली असं मला वाटलं. मी शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या छातीवर एक सायकल होती, सायकलीवर एक गृहस्थ होते आणि गृहस्थांच्या मिशीत माझी शेंग होती.

"घाबरू नका," ते म्हणाले. "मला काही लागलं नाही. मी नेहमी असाच उतरतो."

मागून दुसरी सायकल आली. तिच्यावर नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेल्या एक बाई होत्या. त्या हलकेच थांबल्या, उतरल्या, त्यांनी आधी नवऱ्याला उभं केलं, मग मला.

"राग मानू नका हं," त्या म्हणाल्या. "यांना थांबता येत नाही. आणि आता जरा इथे वाका पाहू. तुमच्या पाठीवर पाय दिल्याशिवाय यांना परत चढताही येणार नाही."

मी वाकलो. त्या बाईंनी सांगितलं की माणूस वाकतोच.

दत्तोपंत रत्नागिरीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मुलांकडून रंगीत खडूने पेरू काढून घ्यायचे आणि तो पेरू बिघडला की स्वतः सुधारून त्याचा आंबा करायचे. एकोणीसशे तीस सालच्या सुमारास त्यांना सायकलीचं वेड लागलं. चालवायला ते झटपट शिकले. पण शिकवणारा जो कोणी होता त्याने त्यांना पहिल्या दिवशी गडग्यावरून सायकलीवर बसवलं, आणि ती सवय हाडात मुरली. गडगा म्हणजे आमच्याकडे आगराभोवती जांभ्या दगडांचा नुसता रचलेला बांध असतो, तो. गडगा दिसला की दत्तोपंत त्यावर चढत, सायकल खाली टेकवत आणि राजा हत्तीवर बसावा तसे बसत. सपाटीवर मात्र सायकल आणि ते एकमेकांकडे पाहत उभे राहत.

मालिनीबाई नवऱ्याचं पाहून शिकल्या, म्हणजे नवरा करतो त्यातलं काय करायचं नाही ते शिकल्या. बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंची जुनी सायकल त्यांना मिळाली होती. लोक नावं ठेवून दमले, मग त्यांच्याचकडे पंप मागायला येऊ लागले.

हे नवराबायको नाताळच्या सुट्टीत सायकलीने थेट दापोलीजवळच्या मुरुडला निघाले तेव्हा सगळी आळी रस्त्यावर आली. आगबोट सोडून कोणी सायकलीने का जाईल? मला गप्प बसवेना. मी दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं.

दत्तोपंत म्हणाले, "हवापालट."

मालिनीबाईंनी खरं सांगितलं. मुरुड त्यांचं माहेर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला जावई आगबोटीने हर्णैला उतरले, पण सासऱ्यांची गाडी बंदरावर आलीच नाही. एक बैल लंगडत होता म्हणे. ट्रंक डोक्यावर घेऊन जावई मुरुडपर्यंत चालत गेले, पाटावर बसले आणि अनरसा हातात घेऊन बोलले, "यापुढे तुमची गाडी न्यायला येईल तेव्हाच येईन." सासरे आप्पा हे वाडीतल्या पोफळीइतकेच सरळ आणि तितकेच न वाकणारे. ते म्हणाले, "जावयाने आधी यावं, मग गाडीचं बघू." मधल्या चार वर्षांत मालिनीबाईंना आई दिसली नव्हती. नवऱ्याने पोचवल्याशिवाय सासुरवाशिणीने माहेरी जायचं नाही, आणि नवरा तर रुसून बसलेला.

"मग मास्तर तयार कसे झाले?" मी विचारलं.

"मी म्हटलं, तुमच्याने दाभोळपर्यंतसुद्धा सायकल जायची नाही. ते म्हणाले, दाभोळ काय घेऊन बसलीस, मुरुडपर्यंत नेऊन दाखवतो. मी म्हटलं, बरं."

तर असे ते निघाले. जयगडपर्यंतचा रस्ता तांबडा आणि खडकाळ. दोन्ही बाजूंना सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, वाळलेलं पिवळं गवत, कुठे भाताच्या पेंढ्याची उडवी, कुठे आंब्याला चुकार मोहोर. दत्तोपंतांना हे काहीच दिसलं नाही. ते फक्त गडगे पाहत होते. गडगा आला की विश्रांती, चिवडा आणि कौतुक. जिथे नुसता उघडा सडा, तिथे थांबायची सोय नाही. थांबले तर चढणार कसे? एका सड्यावर तहानेने जीव कासावीस झाला, तेव्हा मालिनीबाईंनी चालत्या सायकलीवरून तांब्या पुढे केला. निम्मं पाणी दत्तोपंत प्याले, निम्मं त्यांचा कोट.

खाडी ओलांडून पलीकडच्या एका वाडीत ते पोचले, तर भाताची झोडणी टाकून माणसं धावत आली. सोनूबाई नावाच्या एका म्हातारीने मालिनीबाईंच्या सायकलीला चारी बाजूंनी हात लावून पाहिला.

"बाय माजे, ही पडत कशी नाय गो?"

"चालत राहिली की पडत नाही, आजी."

"आनि थांबली म्हंजे?"

तेवढ्यात मागून दत्तोपंत आले आणि सरळ पेंढ्याच्या उडवीत शिरले.

"तेव्हा असं होतं," मालिनीबाई म्हणाल्या.

म्हातारी हसून हसून खाली बसली. मग तिने दत्तोपंतांच्या केसांतला पेंढा काढला, दोघांना पेज पाजली आणि जाताना विचारलं, "पन चाललाव कुटं?"

"माहेरी," मालिनीबाईंनी सांगितलं.

"हवापालटाला," दत्तोपंत म्हणाले.

गुहागरला एक मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून होडीने दाभोळला उतरून तिथे दुसरा. लुगडं नेसलेली बाई सायकलीवरून येते आहे ही बातमी मात्र कुठे मुक्कामाला थांबली नाही. दाभोळच्या मासळीबरोबर ती रातोरात पुढे गेली आणि मुरुडला आप्पांच्या ओटीवर पोचली.

तिसऱ्या दिवशी बुरोंडीची चढण-उतरण संपवून दोघं कर्द्याच्या पुळणीवर आले. ओहोटी होती. ओली वाळू फरशीसारखी घट्ट, आणि समोर मुरुडचे माड दिसत होते. दत्तोपंतांना मांडवीची आठवण होऊन चेव चढला. ते गाणं म्हणत सुटले. पण मध्येच वाटेत आडवी एक बैलगाडी उभी होती, म्हणून ते नेहमीच्या पद्धतीने उतरले.

वाळू झटकून वर पाहतात तो आप्पांचा गडी बाबल्या हात जोडून उभा.

"आप्पांनी धाडलीय, जावयबापू. बसवून आन म्हनाले. गादी पन घातलीय."

मालिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हाताऱ्याने चार वर्षांत कोणापुढे न वाकवलेली मान वाकवली होती. आता मास्तर गाडीत बसले की झालं.

मास्तर म्हणाले, "बाबल्या, गाडी परत ने."

"अहो!"

"अहो काय! मी हर्णैला ट्रंक डोक्यावर घेऊन उभा होतो तेव्हा कुठे होती ही गादी? रत्नागिरीहून स्वतःच्या पायांनी आलोय. दारापर्यंत तसाच जाईन. कळू दे आप्पांना, त्यांच्या गाडीवाचून माझं अडत नाही."

बाबल्या बैलांकडे पाहू लागला. मालिनीबाईंनी मला पुढे सांगितलं की त्या घटकेला त्यांना समुद्राचा आवाजसुद्धा ऐकू येईना. रिकामी गाडी दारात शिरली असती तर आप्पांनी ओटीवरून उठून आतून कडी लावली असती. कडीच्या आत आई, बाहेर त्या. मग आणखी चार वर्षं, किंवा कितीही.

त्या भांडल्या नाहीत. पदर खोचून म्हणाल्या, "बरं. मग बसा सायकलीवर. निघू या."

दत्तोपंतांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुढे वाळू, मागे वाळू, डावीकडे अरबी समुद्र. गडगा सोडा, एक धड दगड नव्हता. बाबल्याची पाठ मागायला जावयाच्या मोठेपणाची अडचण.

"गाडीवरून चढा की," मालिनीबाई म्हणाल्या. "चढण्यापुरतंच. बाबल्या, जवळ घे रे गाडी. सायकल मी धरते."

दत्तोपंतांना सूचना पटली. ते गाडीत चढले, कडेला पाय सोडून बसले आणि सायकलीच्या दांडीकडे त्यांनी हात पुढे केला. मालिनीबाईंनी सायकल हातभर मागे ओढली.

"बाबल्या, हाक!"

बैलांना घर जवळ आल्याचं केव्हाच कळलं होतं. गाडीने जी उसळी घेतली तिच्यासरशी दत्तोपंत उताणे होऊन गादीवर पडले.

"अगो! अगो थांब! माझी सायकल!"

"ती मी आणतेय!"

आणि खरंच त्या आणत होत्या. स्वतःच्या सायकलीवर बसून, एका हाताने नवऱ्याची रिकामी सायकल शेजारून चालवत त्या गाडीच्या बरोबरीने निघाल्या. गाडीतून उडी मारायची दत्तोपंतांना सोय नव्हती; उतरण्याची त्यांची एकच पद्धत होती आणि तिला सायकल लागे.

आप्पा बेड्याशी, म्हणजे आगराच्या फाटकाशी, उभे होते. गाडीत जावई बसलेले पाहून त्यांनी उपरणं सारखं केलं.

"गाडी मिळाली ना वेळेवर?"

दत्तोपंतांनी बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडे पाहतच होती.

"मिळाली," ते म्हणाले.

"गादी टोचली नाही?"

"छे, मऊ आहे."

चार वर्षांचं भांडण एवढ्यात मिटलं. पुढे जेवताना दोघांनी सुपारीच्या भावावर आणि इंग्रज सरकारवर एकमताने तोंडसुख घेतलं.

आई भाकरतुकडा ओवाळायला बाहेर आली. ओवाळायचं सोडून तिने आधी लेकीच्या गालावरून हात फिरवला. "किती काळी झालीस गो, मालू," एवढंच ती बोलली. मग तिने तुकडा ओवाळून टाकला. शेवटी आईची नजर सायकलीच्या मागच्या कॅरियरवर गेली. आप्पा आत गेल्याची खात्री करून तिने हळूच विचारलं, "हिच्यावर मागे कोणाला बसता येतं का गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुडच्या पुळणीवर काय दिसलं ते मुरुडची माणसं अजून सांगतात.

पुढल्या वर्षापासून आगबोट हर्णैला लागायच्या आधीच आप्पांची गाडी बंदरावर येऊन उभी राहू लागली. सायकलीने जायचं कारण उरलं नाही. विद्वांसांनी दोन्ही सायकली विकून टाकल्या.