भरदार आवाजाची तबकडी

त्या नव्या गायिकेची पहिली एलपी शुक्रवार पेठेत आली ती आमच्या शेजारच्या कापडवाल्या काकांकडे. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी आधीच डंका पिटला होता. दुकान बंद करून आले की काका रेकॉर्ड प्लेअर खिडकीत ठेवत आणि बोळातली माणसं कट्ट्यावर बसून माना डोलावत. "लई भरदार आवाज हाय की! बाईमानसाचा असला खर्ज कुटं ऐकला न्हाय," काका म्हणायचे. मीही मान डोलवायचे. खरं सांगायचं तर बाई गाता गाता पेंगते आहे असंच मला वाटायचं. पण एवढी जाणती माणसं म्हणताहेत म्हटल्यावर माझाच कान बिघडला असणार, असं मी धरून चालले.

मी तेव्हा गाणं शिकत होते आणि माझा आवाज बारीक होता. आमचे गुरुजी कट्ट्यावरचे पहिले भक्त. "बारीक आवाजाचे दिवस गेले. तिच्यासारखं खालून गा," म्हणत त्यांनी माझी पट्टीच उतरवली. वर्षभर रोज सकाळी मी खर्ज घासला. घसा सोलून निघायचा. आई वैतागायची. "साकू, साकू! बास कर की आता. रेडकावानी रेकतीस."

मग पेठेतल्या यंत्रमागांच्या सुट्टीच्या दिवशी काकांनी पहिल्यांदाच भरदुपारी तीच तबकडी लावली आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबला. आवाज चक्क बारीक होता! चपळ, वर गेला तरी न कापणारा. मी पिठाच्या हातानं तशीच पळत गेले. बाई तीच, गाणं तेच. फक्त आसपासचे माग बंद होते. एरवी संध्याकाळी सगळे माग चालू असले की आमच्याकडचे दिवे पिवळे पडायचे. तो रेकॉर्ड प्लेअरही बिचारा दमानंच फिरत असणार आणि बाईचा आवाज खाली ओढत असणार. म्हणजे आम्ही इतके दिवस कशाला माना डोलावत होतो?

मी गुरुजींना बोलावून आणलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "आज लाईट जास्त आली आहे. तबकडी पळतेय." काका म्हणाले, "व्हय की!" विषय संपला. मला मात्र काही सुधरेना. खरी बाई कुठली, संध्याकाळची की दुपारची? वर्तमानपत्रवाल्यांनी कुठली ऐकली होती? आणि दुपारची मला आवडली, ती चांगली गात होती म्हणून, की माझ्यासारखी गात होती म्हणून?

घरी येऊन दार लावून घेतलं. पेटीवर माझी जुनी पट्टी धरली आणि वरच्या 'सा'पर्यंत गेले. आवाज फाटला. पुन्हा गेले, पुन्हा फाटला. मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला तोच फाटका आवाज लावला. गुरुजी खूश झाले. "आता कुठं तुझा आवाज भरायला लागला," म्हणाले. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, पोरगी हरखली.