भाऊंनी लिहिलेली पटकी

साथवाले भाऊ फोनवर नेहमी उभं राहून बोलत. पलीकडे वरच्या ऑफिसातला साधा कारकून असला तरी उभेच. "बसलं की आवाज दबतो हो, आणि आवाज दबला की ब्लीचिंग पावडर येत नाही," असं त्यांचं म्हणणं.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीला आरोग्य खात्यात साथरोगाचं टेबल त्यांच्याकडे होतं आणि समोर टायपिंगला मी. नगरपालिका म्हणायची, ती विहीर आमच्या हद्दीत नाही. ग्रामपंचायत म्हणायची, आमच्याकडे माणूस नाही. वरचे म्हणायचे, आधी तक्ता पाठवा. भाऊ सगळ्यांना "बरोबर आहे तुमचं" म्हणत आणि फोन ठेवून कपाळाला हात लावत. "तीन सासवांची सून झालोय मी, बाई." ऐकून ऐकून मीसुद्धा थकायची.

त्यात वरचा नियम असा, की तपासणीचा दाखला आल्याशिवाय तक्त्यात 'पटकी', म्हणजे कॉलरा, लिहायची नाही, 'गॅस्ट्रो' लिहायचं. आणि गॅस्ट्रो म्हटलं की वर कोणी जागचं हलत नसे.

एका मे महिन्यात खाडीपलीकडच्या गावातून एक खलाशी धापा टाकत आला. "भाऊ, वाखा आलाय ओ! माजी म्हातारी आडवी झालीय, शेजारची दोन पोरां पन." वाखा म्हणजे पटकीच. भाऊंनी त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे वळले. "लिहा, पटकी."

"आणि दाखला?"

"दाखला येईपर्यंत तिकडे दवंडी पिटायलाही कोणी उरायचं नाही. लिहा!"

संध्याकाळच्या आत डॉक्टर, सलाइन, पावडर होडीने पलीकडे पोचलं. म्हातारी उठून बसली, पोरंही वाचली. गावात एकही माणूस दगावला नाही.

आणि तिथेच भाऊ अडकले. डॉक्टरांनी तपासणीला पाठवलेली नमुन्याची बाटली घेऊन निघालेली एस.टी. हातखंब्याला बंद पडली. बाटली दोन दिवस पत्र्याच्या शेडमध्ये तापत राहिली. तपासणीत काय निघणार, कप्पाळ! वरून विचारणा आली: जंतू नाही, मृत्यू नाही, मग खोटी घबराट का पसरवली?

"चार माणसं मेली असती तर खरा ठरलो असतो," भाऊ म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवण्यात आलं. त्या बदलीचा मेमो मीच टाइप केला. नोकरी होती, केला. आजही त्याची लाज वाटते मला. भाऊंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. घाईत माझ्याकडून 'पटकि' असं पडलं होतं. त्यांनी पेन काढलं, वेलांटी दीर्घ केली आणि खाली सही केली.

"निदान शब्द तरी शुद्ध असू दे, बाई."