दोन आंब्यांची पानं

रोह्याच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर पेणला, रामवाडीत राहायला आलो, तेव्हा ओळखीच्या एका संशोधक बाईंनी मला एक काम सांगितलं. निडीजवळच्या एका बागेत दोन उंच रायवळ आंबे शेजारी शेजारी आहेत. माती एक, पाणी एक. पण पहिला दिवाळी सरताच मोहरतो, दुसरा माघाशिवाय नाही. मोहर कधी धरायचा हे ठरवणाऱ्या जनुकांत या दोघांचा फरक असावा, असं बाईंना वाटत होतं. पडताळून पाहायला त्यांना दोन्हींची पानं हवी होती.

पानं काढली बागेत आंबे उतरवणाऱ्या कातकरी गड्याने. त्याला लिहिता येत नव्हतं. लवकर मोहरणाऱ्या झाडाच्या जुडीला त्याने एक गाठ मारली, दुसरीला दोन. देताना म्हणाला, "मास्तर, गाठी सोडू नका हां. पानावर काय नाव नसतं."

घरी येऊन मी पानं पुसायला दोन्ही जुड्या एकाच वर्तमानपत्रावर सोडल्या. तेवढ्यात शेजारी आले, मी दाराशी बोलत राहिलो. परत आलो तर पंख्याने सगळी पानं एक केली होती. पुन्हा निडीला जायचा कंटाळा आला. अंदाजाने दोन वाटे केले, पाकिटांवर झाडांची नावं घातली आणि पाठवून दिलं.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. "सर, एकाच पाकिटात दोन झाडांची पानं कशी?"

"चढणाऱ्याने हाताला आली ती तोडली असतील," मी म्हणालो.

पानांचं काय झालं, असं बागवाल्याने विचारलं तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. पुढच्या हंगामात त्याने कोलाडचा माणूस बोलावला. कुठला आंबा कुठल्या झाडाचा, यावरच उतरवणाऱ्याची पत असते. कातकरी गड्याची गेली ती माझ्यामुळे. मी गप्प राहिलो.

अशी चार वर्षं गेली. गेल्या महिन्यात बाईंनी पुन्हा त्याच झाडांची पानं मागितली. "या वेळी माणूस मात्र दुसरा बघा," म्हणाल्या. तेव्हा मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे त्या माणसाला सांगितलंत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या वाडीवर गेलो. तो अंगणात बसला होता, बायको पावटे सोलत होती. मी सगळं सांगितलं. बायकोने सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे मी याला इतकी वर्सं उगाच बोलले? आंधला म्हनायची मी याला!"

"म्हन की अजून," तो म्हणाला. "आता सवय झाली हाय."

"तू गप ऱ्हा. मास्तर, बागवाल्याला सांगितलंत?"

"सांगेन."

"सांगेन नाय. आता चला."

तिघंही चालत बागेत गेलो. बागवाला कोलाडच्या माणसाकडून फांद्या छाटून घेत होता. मी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. तो हसला. "असू द्या हो सर, जुनी गोष्ट."

"असू द्या कशाला?" गडी मागून म्हणाला. "मास्तर, वर फांदीवर माणूस हाय, त्याला नाय आयकू गेलं. परत सांगा, मोठ्यानं."

मी मान वर केली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.